म्हापशात घेतलेलं हँडफीडिंग किट, तीन महिने वापरून लिहितेय

ज्यांचं पक्ष्याचं पिल्लू घ्यायचं नक्की झालंय आणि दुकानदार सांगतोय की पिल्लाला हातानं भरवायचं हे किट घ्या यात सगळं आलं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डिचोलीला राहते. मेच्या शेवटी, शाळा सुरू व्हायला आठवडा होता तेव्हा, म्हापशाच्या एका पक्ष्यांच्या दुकानातून कॉकाटीलचं, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटाचं, पिल्लू घेतलं आणि त्याच्यासोबत ६५० रुपयांना "हँडफीडिंग किट" घेतलं. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण अशी किटं सगळीकडेच मिळतात आणि सगळीकडे साधारण हाच माल असतो.

किटमध्ये काय होतं ते आधी सांगते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली पाव किलोच्या आसपास पावडर, १० मिलीच्या दोन सिरिंज, सिरिंजच्या तोंडाला लावायची बोटभर लांब रबरी नळी, आणि एक पुठ्ठ्याचा खोका ज्यात होल्डर लावून ६० वॅटचा पिवळा बल्ब आणि खाली लाकडाचा भुसा. बस्स. थर्मामीटर नाही आणि वजनकाटा नाही. आता तीन महिन्यांनी मला विचाराल तर याच दोन वस्तू आधी पाहिजेत, बाकी सगळं घरात काही ना काही मिळतं.

मुलाला पोपट पाहिजे होता, आपला हिरवा पोपट. गावात एकानं सांगितलंही की माडाच्या ढोलीतून पिल्लू काढून देतो, शंभर-दोनशे दे. मी नको म्हटलं. आपल्याकडचे सगळे पोपट, लाल कंठीवाला असो नाहीतर जांभळ्या डोक्याचा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात, त्यांना पकडणं, विकणं, पाळणं सगळाच गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तो आपला नेहमीचा कंठीवाला आता अनुसूची २ मध्ये आहे. आमच्या सासूबाईंच्या माहेरी पिंजऱ्यात कीर, म्हणजे पोपट, असायचाच, त्यांना हे पटायला वेळ लागला. पण ढोलीतून काढलेल्या पिल्लाचे आईबाप दोन-दोन दिवस त्याच माडावर ओरडत फिरतात हे त्यांनीच लहानपणी पाहिलेलं, ते आठवल्यावर त्याच म्हणाल्या, नको तर नको.

कॉकाटील मूळ ऑस्ट्रेलियातला, इथे पिंजऱ्यातच पैदास होते, त्यामुळे तो प्रश्न नाही. दुकानात कोन्यूर हे परदेशी पोपटसुद्धा होते, त्यांचे रंग बघून मुलगा तिथेच अडकला होता. पण कोन्यूर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तो साइट्सच्या, म्हणजे प्राण्या-पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत आहे आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कॉकाटील, बजी, पीच-फेस लव्हबर्ड हे त्या यादीत नाहीत. दुकानदार स्वतःहून हे सांगत नाही, तुम्हीच विचारा आणि पावती घ्या.

तर पिल्लू. दुकानदार म्हणाला २५ दिवसांचं आहे. मी विचारलं, अहो आम्ही कधी केलेलं नाही, जमेल ना? तर म्हणाला, "बाय, दिसाक तीन फावट दी, किदेंच जावचें ना," म्हणजे दिवसाला तीन वेळा दे, काही होणार नाही. हातानं भरवलं की माणसाळतं, नाहीतर चावरं होतं, असंही म्हणाला आणि माझा त्यावर विश्वास बसला. आता कळतंय की तसं काही नाही. आईबापांनी वाढवलेलं आणि स्वतः खायला शिकलेलं दोन-अडीच महिन्यांचं पिल्लूसुद्धा रोज जवळ बसून, हातावर बाजरी ठेवून, आठ-पंधरा दिवसांत माणसाळायला लागतं. पहिल्यांदा पक्षी आणणाऱ्या माणसाला अजून स्वतः खायला न लागलेलं पिल्लू देणं यात दुकानाची सोय आहे, त्यांचा भरवण्याचा त्रास वाचतो. पिल्लाची सोय त्यात काही नाही, आपली तर नाहीच.

आणि ते २५ दिवसांचं नव्हतंच. कॉकाटील एक दिवसाआड अंडी घालते, चार-पाच अंडी असली तर पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात आठवड्याचा फरक पडू शकतो, दुकानात मात्र सगळ्या घरट्याला एकच तारीख लावतात. आमचं त्यातलं सगळ्यात लहान. पाठीवर अजून पिवळी लव होती, पंखांवरच्या नव्या पिसांच्या नळ्या नुकत्या फुटायला लागलेल्या. डॉक्टरांनी नंतर बघून सांगितलं की घेतलं तेव्हा जेमतेम १८-१९ दिवसांचं असेल. म्हणजे त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं पाहिजे होतं आणि आम्ही तीनदा देत होतो, आणि ऊबही जास्त पाहिजे होती.

पहिले दोन दिवस मी पावडर कोमट पाण्यात कालवायचे, बाळाच्या दुधाला बघतो तसं मनगटावर थेंब टाकून बघायचे आणि द्यायचे. पिल्लू आधी मान जोरजोरात हलवून खायचं, मग अर्ध्यातच बंद करायचं. मला वाटायचं पोट भरलं. खरं म्हणजे खाणं थंड होत होतं. मनगटाला जे कोमट लागतं ते पिल्लाला गार असतं. त्याला ३९ ते ४१ अंश सेल्सिअस पाहिजे, त्याच्या खाली गेलं की तोंड फिरवतं आणि आत गेलेलं पुढे सरकायला वेळ लागतो, आणि ४३ च्या वर गेलं तर गळ्याखालची ती अन्नाची पिशवी, क्रॉप म्हणतात तिला, आतून भाजते. भाजलेलं लगेच कळत नाही, चार-सहा दिवसांनी कातडी काळी पडून तिथे भोकच पडतं. म्हणजे बरोबर आणि धोका यात दोन-तीन अंशांचं अंतर आहे आणि ते मनगटाला कळायचं नाही. मायक्रोवेव्हमध्ये तर गरम करूच नका, वरून कोमट आणि मधे उकळता गोळा असं होतं.

तिसऱ्या रात्री वारा सुटला, वळवाचा पाऊस, कुठेतरी झाड पडलं आणि सहा तास लाईट नाही. आमचा इन्व्हर्टर आहे पण ज्या खोलीत खोका ठेवलेला तिथलं प्लग त्यावर नाही हे मला अंधारात कळलं. मी पिल्लाला टॉवेलात गुंडाळून ठेवलं. सकाळी बघितलं तर क्रॉप रात्री भरलेली तशीच, मऊ, पाणी भरलेल्या पिशवीसारखी लोंबणारी, आणि चोचीतून आंबूस वास, शिळ्या पिठाचा येतो ना तसा. मान हलवत नव्हतं, आवाज नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगो, पेजेची निवळ दे त्याला, आमचा कीर पेजेवरच वाढला." त्यांचा जीव तुटत होता म्हणून म्हणाल्या, पण आधीचंच खाली उतरलेलं नसताना वरून काहीही घालायचं नसतं, हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं, भीतीनंच हात धजला नाही हे बरं झालं.

पक्षी बघणारा डॉक्टर आपल्याकडे पटकन मिळत नाही, कुत्र्या-मांजरांचे पुष्कळ. चार फोन केल्यावर पणजीला एक मिळाले. गाडीत एसी बंद, खोका मांडीवर, आत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कालचं वजन किती? माझ्याकडे उत्तर नव्हतं. परवाचं? तेही नाही. त्यांनी काट्यावर ठेवलं, ५८ ग्रॅम. म्हणाले, आता हे उतरलंय की मुळातच एवढं आहे हे मी कसं सांगू, मॅडम? तो प्रश्न अजून कानात आहे माझ्या. तोंडातून शब्द न काढणारा एवढासा जीव, त्याचं काय चाललंय हे सांगणारी एकच गोष्ट असते, रोज सकाळचं वजन, आणि ती आमच्याकडे नव्हती कारण किटमध्ये "सगळं" होतं.

त्यांनी क्रॉप रिकामी करून धुतली, औषध दिलं, एक दिवस अगदी पातळ आणि थोडं थोडं द्यायला सांगितलं. परत येताना ४०० रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि लांब दांडीचा थर्मामीटर घेतला. दुसऱ्या दिवशी ५९. मग ५९ च. मग ६३. तो ६३ चा आकडा दिसला तेव्हा मुलानं तो कॅलेंडरवर लाल पेननं लिहिला आणि तेव्हापासून रोजचा आकडा कालनिर्णयच्या चौकोनात जायला लागला, पहिलं खाणं द्यायच्या आधी, रिकाम्या पोटी, रोज त्याच वेळी.

आता वस्तू एकेक.

पावडर. पिशवीतली सुटी पावडर मी फेकून दिली. मोठ्या पोत्यातून काढून बांधलेली, वर ना नाव ना तारीख, आणि आपल्या हवेत जूनमध्ये मीठसुद्धा पाणी सोडतं तिथे ही उघडी पिशवी किती दिवस पडून होती कोणाला माहीत. डॉक्टरांनी सीलबंद डबा घ्यायला सांगितलं, मी वर्सेले-लागाचं न्यूट्रीबर्ड ए२१ घेतलं. याला माझ्याकडून पूर्ण मार्क. छान विरघळते, गुठळी होत नाही, पाणी वेगळं होऊन वर येत नाही. ए२१ बहुतेक सगळ्या पिल्लांना चालते, आफ्रिकन ग्रे किंवा मकाव यांच्यासारख्या जास्त चरबी लागणाऱ्या मोठ्या पोपटांसाठी ए१९ असते, डबे दिसायला सारखेच आहेत तेव्हा आकडा बघून घ्या. डबा उघडल्यावर मी आठवड्याची पावडर छोट्या घट्ट झाकणाच्या बरणीत काढते, बाकीची फ्रिजमध्ये, आणि चमचा एकदम कोरडा. कालवलेलं उरलं तर टाकायचं, परत गरम करून द्यायचं नाही, जीव चुटपुटतो पण टाकायचं. त्यात दूध, मध, बाळाचं सेरेलॅक, ग्लुकोज काही घालू नका. दूध पक्ष्यांना पचत नाही आणि सेरेलॅक माणसाच्या बाळाचं आहे, पिसं उगवायला जेवढं प्रोटीन लागतं तेवढं त्यात नाही. पेजेचंही तेच.

दाटपणा किती हे डब्यावर असतं पण माझ्या हाताला बसलेलं माप सांगते, तीन-साडेतीन आठवड्यांच्या पिल्लाला इडलीच्या पिठापेक्षा पातळ आणि ताकापेक्षा दाट. किती द्यायचं, तर एका वेळेला वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ६० ग्रॅमच्या पिल्लाला ६ मिली. बघा, इथेही काट्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि क्रॉप दिवसातून एकदा तरी पूर्ण रिकामी झाली पाहिजे, आम्ही रात्री साडेदहाला शेवटचं द्यायचो आणि सकाळी सहाला हात लावून बघायचो, सपाट लागली की मगच पुढचं.

सिरिंज चांगल्या होत्या पण पाच-सहा दिवसच. रोज गरम पाण्यात धुतल्या की आतलं रबर कडक होतं, दट्ट्या अडकतो, मग आपण जोर लावतो आणि एकदम दोन-तीन मिली सुटतात. पिल्लाच्या जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड असतं, तिकडे गेलं तर वाचवायला वेळ मिळत नाही. म्हणून सिरिंज अडकायला लागली की त्याच दिवशी बदला, मेडिकलमध्ये दहा-पंधरा रुपयांत मिळते. द्यायची ती पिल्लाच्या डाव्या बाजूनं, उजवीकडे रोख ठेवून, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगानं जाते. आणि ते स्वतः मान हलवून मागत असेल तेवढ्याच वेळात द्यायचं. मान थांबली की आपण थांबायचं.

रबरी नळी कचऱ्यात टाका. खरंच. दुकानदारानं मला दाखवलं होतं नळी घशातून थेट क्रॉपमध्ये सारून एका दमात कसं भरायचं, त्याला दिवसाला चाळीस पिल्लं भरवायची असतात, त्याचा हात बसलेला आहे. नवख्या माणसाच्या हातून ती नळी सुटून पिल्लाच्या पोटात जाते किंवा घशाला आतून जखम होते. मी शेवटी सिरिंजही सोडली आणि चमच्यावर आले. साधा स्टीलचा चहाचा चमचा, नवऱ्यानं पकडीनं दोन्ही कडा वर वळवून दिल्या, पन्हाळीसारखा झाला. चमच्यानं वेळ लागतो, अर्धं त्याच्या छातीवर सांडतं, पिसांना चिकटतं, ते लगेच ओल्या फडक्यानं पुसावं लागतं नाहीतर वाळून खडक होतं, पण चमच्यातून ते स्वतः पितं, आपण त्याच्या घशात ढकलत नाही. नवशिक्यांना मी चमचाच सांगेन. चमचा किटमध्ये नसतो, तुमच्या मांडणीवर असतो.

वाटी थंड होते हा मोठा वैताग आहे, तीन मिनिटांत चार अंश उतरतात. वाटी गरम पाण्याच्या मोठ्या वाटीत ठेवायची, पण मग उलटं होतं, बसून बसून वर चढतं, म्हणून प्रत्येक दोन-तीन घासांनी थर्मामीटर बुडवून बघायचं. पहिल्या आठवड्यात हे सगळं करायला मला एका वेळेला अर्धा तास लागायचा, दिवसातून पाच वेळा, नोकरीवाल्यांनी याचा विचार आधी करा. मला सुट्टी होती म्हणून निभावलं.

खोका आणि बल्ब. कल्पना ठीक आहे पण भुसा काढून टाका, पिल्लू तो खातं. खाली टिश्यू किंवा जुनं सुती फडकं. बल्ब मधे न ठेवता एका कोपऱ्यात, म्हणजे त्याला गरम झालं तर दुसऱ्या टोकाला सरकता येतं. आत थर्मामीटर पाहिजेच, अर्धी पिसं आलेल्या पिल्लाला २८-३० अंश आणि पूर्ण पिसं आल्यावर २४-२५ पुरे, आपल्याकडे तेव्हा बल्बची गरजच पडत नाही, पावसाळी रात्र सोडली तर. पिल्लूही सांगतं, पंख अंगापासून लांब धरून तोंड उघडं ठेवलं तर गरम होतंय, एका कोपऱ्यात गोळा होऊन थरथरतंय तर थंडी. आणि प्लग इन्व्हर्टरवरचाच बघा. नसेल तर गरम पाण्याच्या दोन बाटल्या आणि जाड टॉवेल तयार ठेवा, मान्सूनमध्ये लाईट जाणार हे गृहीतच धरायचं.

चिकू, म्हणजे आमचं पिल्लू, पाचव्या आठवड्यात ८८ ग्रॅमवर गेलं आणि मग उडायला लागल्यावर ८० वर आलं. तेव्हा मी पुन्हा घाबरले, पण डॉक्टर फोनवर म्हणाले उडायच्या वेळेला दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, अंग हलकं करतं ते, आवाज आणि विष्ठा ठीक असेल तर थांबा. मग भरवणं हळूहळू दिवसातून तीन वेळा, मग दोन वेळा, मग फक्त रात्रीचं एक. या काळात समोर सतत काहीतरी ठेवलेलं असायचं, बाजरीचं कणीस, भिजवलेले मूग, शिजवलेला उकडा भात, किसलेलं गाजर, शेवग्याचा पाला. भिजवलेलं दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, आपल्या दमट हवेत लगेच आंबतं. रात्रीचं शेवटचं खाणं त्यानं नवव्या आठवड्यात स्वतःच सोडलं. दुकानदार म्हणालेला सहाव्या आठवड्यात बंद करा, मागितलं तरी देऊ नका. असं करू नका, उपाशी ठेवून शिकवलेलं पिल्लू पुढे महिनोन्महिने ओरडत राहतं आणि वजनाला कधी सावरत नाही.

स्वयंपाकघराचं एक राहिलं. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याचा धूर पक्ष्याला मारतो, काही मिनिटांत. आमचा तवा चिकू यायच्या आधीच गेला, आता बिडाचा. चवथीला पाच दिवस घरात धूप, अगरबत्त्या आणि दारात फटाके, तेव्हा त्याला मागच्या खोलीत खिडकीजवळ हलवलं, दार बंद, आणि मुलगा आरती झाली की धावत तिकडे.

परवा बाजरी आणायला त्याच दुकानात गेले होते. काउंटरवर तीच किटं रचलेली, आणि खोक्यात चार पिल्लं, पाठीवर पिवळी लव असलेली. कॉलेजचा एक मुलगा भाव करत होता, सगळ्यात लहान त्याला आवडलेलं. मी दुकानदाराला म्हटलं, भाऊ, याला हे आज देऊ नका, महिनाभर तुमच्याकडेच वाढू दे, स्वतः खायला लागलं की नेईल, हवं तर आजच ॲडव्हान्स घ्या. मोबाइलवर मी कॅलेंडरचे फोटो दाखवले, ५८ वाला चौकोनसुद्धा. दुकानदार जरा वेळ काही बोलला नाही. मग त्यानं त्या मुलाकडून ५०० रुपये घेतले, पिल्लाच्या पायाला लाल दोरा बांधला आणि वहीत तारीख लिहिली. मुलगा मला विचारत होता काटा कुठला घेऊ, तर मी म्हटलं एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा कुठलाही चालेल, महिना आहे तुझ्याकडे.